हेमलताचा रोट

हितेंद्रच्या अंगात तीन मूत्रपिंडं होती आणि तिसरं त्याच्या मेलेल्या बहिणीचं होतं. त्याची स्वतःची दोन पाठीमागे, खारकेसारखी सुकून पडलेली. डॉक्टर ती काढत बसत नाहीत. हेमलताचं त्यांनी पुढे, उजव्या जांघेच्या वर बसवलं. तळहात ठेवला की गोळा हाताला लागायचा. "आईच्या पोटात मूत्रपिंड आधी खालीच तयार होतं, मग वर चढत जातं," डॉक्टर कौतुकाने म्हणाले होते. "हे पुन्हा खाली आलंय बघा."

हेमलताला चाळीसगावला दिली होती. मूत्रपिंड देऊनही ती ठणठणीत होती. गेल्या वर्षी ट्रकने उडवलं आणि सगळं संपलं. तेव्हापासून हितेंद्रला स्वतःच्याच अंगाची भीती वाटायला लागली. ती जळून राख झाली, आणि इथं तिचं मांस त्याचं रक्त गाळत होतं, लघवी बनवत होतं, त्याला न विचारता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायच्या. त्या चुकल्या तर शरीर तिला परकी म्हणून ओळखणार आणि हाकलणार.

श्रावणात कानबाई, खानदेशातली कुळाची देवी, घरी आली. धुळ्याजवळच्या या घरात कानबाईचा रोट, तिच्या नैवेद्याची गव्हाची पोळी, फक्त कुळातल्यांनी खायचा. लग्न झालेल्या लेकीने नाही. हितेंद्र पंगतीला बसला, तशी काकू यशोदाबाईने त्याच्या ताटावर आडवा हात धरला.

"तुना पोटमा हेमलता शे. लेकले रोट चालस नही."

भाऊबंद खो खो हसले. "काकू, काहीतरीच तुनं!" चुलतभाऊ योगेंद्र म्हणाला. "वाढ त्याले."

काकू हसत नव्हती. तिची नजर त्याच्या पोटावरून हलत नव्हती. वर्षभर घरात कुणी हेमलताचं नाव काढलं नव्हतं. जो तो हितेंद्रला म्हणायचा, चांगला टुणटुणीत झालास की! काकू तेवढी त्याच्यासारखीच घाबरली होती, आणि ते पाहून त्याला रडूच आलं. इतके दिवस त्याला वाटत होतं, हेमलता अजून आहे हे आपल्या एकट्यालाच कळतं.

तो ताटावरून उठला. "राहू दे योगेंद्र, काकूनं बरोबर शे."

ओसरीवर माहेरी आलेल्या लेकी वरण-भात जेवत बसल्या होत्या.

"मी आठे बसू का?" त्यांच्या ओळीच्या टोकाकडे हात करत त्याने विचारलं.

चुलतबहीण मोहिनीने वर पाहिलं. ती जराशी सरकली, त्याच्यापुढे ताट मांडलं, आणि त्याच्या शेजारी आणखी एक.