दोन सीटची वरात

माझ्या बाबांना नकाशात फ्रान्स दाखवता येणार नाही, पण फ्रान्सची गाडी त्यांनी फुलचूरला आणली. आणली म्हणजे बनवून घेतली. आणि बनवून घेतली म्हणजे रामलाल डेंटरच्या मानगुटीवर बसून जुन्या जीपवर पत्रे ठोकून घेतले. पण असं बोलायचं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला सांगायचं, "बुगाटी आहे."

मी रीना, या घरची थोरली लेक, तिरोड्याला दिलेली. माझ्या धाकट्या भावाचं, दुर्गेशचं, लग्न आमगावच्या चंचलशी ठरलं आणि त्याच आठवड्यात बाबांना मोबाइलवर एक व्हिडिओ दिसला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी फ्रान्समध्ये म्हणे अशा चारच गाड्या बनल्या. त्यातली एक लढाईच्या धामधुमीत हरवली, ती अजून सापडली नाही. जगातले कुबेर तिला शोधून थकले. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "नवरदेव याच गाडीत जाईल." राइस मिलवाले हेमराज पटले एकदा बोलले की संपलं. तिथे बायको कधी बोलली नाही, तर पोरं काय बोलणार?

रामलालनं आयुष्यभर ठोकल्या बोलेरो. तरी त्यानं व्हिडिओ थांबवून थांबवून गाडी उभी केली. नाक हे एवढं लांब, पाठ माशासारखी निमुळती, पाठीवर मधोमध रिवेटांची ओळ. दार वर छतात शिरलेलं. खिडक्या इतक्या लहान की आतल्या माणसाला बाहेरून फार तर खायचं पान देता यावं, आणि त्याही उघडत नव्हत्या. वरून काळाभोर रंग. दिसायला सुंदर होती मेली! राग आहे म्हणून खोटं कशाला बोलू?

बाबा तर पुढच्या पायरीवर गेले. ते लोकांना सांगायला लागले की हरवलेली ती हीच.

"फ्रान्सची गाडी हरवून गोंदियात काऊन येईल?" यादोराव मामांनी विचारलं.

"गोंदिया जंक्शन आहे," बाबा म्हणाले. "इथं सगळंच येते."

आता खरी गंमत ऐका. या जगप्रसिद्ध गाडीला सीट दोन. एक ड्रायव्हर मुन्नालालची, दुसरी नवरदेवाची. आमच्याकडे वरातीत नवरदेवाच्या बाजूला बहीण बसते, करवली म्हणून, मांडीवर पाण्याचा करा घेऊन. तो तिचा मान. आई गेली तेव्हा दुर्गेशला धड बोलताही येत नव्हतं. त्याचं न्हाणंधुणं, तापपाणी, शाळेचा डबा, सगळं मी केलं. मला साडी नको होती, मानपान नको होता. मला त्याच्या बाजूची ती एक जागा पाहिजे होती.

"बाबा, करवली कुठं बसंल?"

"तू बसमधी ये ना. एसी बस आहे."

"अन् करा?"

"डिक्कीत ठेवू."

गाडीला डिक्की नव्हती.

"मंग मुन्नालालले उतरवा," मी म्हटलं. तर मुन्नालाल हात जोडून उभा. "और किसी से नहीं चलेगी, सेठजी. सेकंड गियर में लात मारनी पड़ती है." नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

मी काही सोडेना. तेव्हा बाबा जे बोलायचं नाही ते बोलून गेले. "तुले देलं ना आम्ही तिरोड्याले? आता तू पाहुणी. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं." मी दुर्गेशकडे पाहिलं. पठ्ठ्या मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. बाबांपेक्षा मला त्याचंच जास्त लागलं. त्या संध्याकाळी भाजीत दोनदा मीठ पडलं माझ्या हातून, आणि सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं.

लग्नाच्या दिवशी मामांनी नवरदेवाला बाशिंग बांधलं. आमचं बाशिंग शिंदीच्या पानांचं, आणि एकदा मामानं गाठ मारली की अक्षता पडेपर्यंत सोडायचं नाही. सोडलं तर अपशकुन. यंदाचं बाशिंग चांगलं हातभर उंच होतं. बायका म्हणाल्या, शोभून दिसते. बँड वाजायला लागला, नवरदेव गाडीत बसायला गेला आणि बाशिंग छताला अडलं. वाकून पाहिलं, तिरपं होऊन पाहिलं, आधी पाय घालून पाहिलं. बँडवाले तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवत राहिले.

"सोडा ते बाशिंग," बाबा म्हणाले. "आमगावच्या वेशीवर पुन्हा बांधू."

"गाठ म्या बांधली, भाऊजी," मामा म्हणाले. "मी जिता आहो तोवर सुटत नाही."

रामलाल ग्राइंडर घेऊन पुढे आला. "छत कापू का? आत्ता होते." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसा काही तो पोटच्या पोरालाच कापायला निघाला. पोटचा पोर बाजूलाच घामानं निथळत उभा होता, त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

बसला छत, बोलेरोला छत. उरला मिलचा पिकअप, ज्यातून धानाची पोती जातात. त्यात घरातला सोफा चढवला, सोफ्यावर नवरदेव चढवला. कोणी काही ठरवायच्या आत मी पदर खोचला, करा उचलला आणि चढून त्याच्या बाजूला बसले. उतरवून दाखवा म्हटलं आता!

"पण गाडी रिकामी कशी नेता?" बाबा इकडेतिकडे बघत म्हणाले. "मीच बसतो. नाइलाज आहे." नाइलाजानं त्यांनी फेटा बांधला, नाइलाजानं हार घातला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं, इथे उतावळा नवऱ्याचा बाप होता. तेव्हा मला कळलं, ती गाडी दुर्गेशसाठी बनलीच नव्हती.

एप्रिलचं ऊन, न उघडणाऱ्या खिडक्या आणि मुन्नालालच्या लाथा. आमगावला पोचेस्तोवर गाडीची काच आतून धुरकट झालेली. मुलीकडचं सगळं गाव फोन काढून उभं. चंचलची आत्या जमुनाबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आली, दार उघडलं, आणि आत नीट न बघताच तिनं समोरच्या कपाळाला कुंकू लावून टाकलं. मग वाफेवर शिजलेले माझे बाबा गुडघे धरून बाहेर आले.

"माय वं!" जमुनाबाई ओरडली. "आमच्या पोरीले हा नवरा?"

बाबांनी घाम पुसला, कुंकू गालावर आलं. "नवरदेव मागं आहे जी," ते कसेबसे बोलले. "पिकअपमधी. आपल्या बहिणीजवळ बसला."

पिकअपमध्ये मला हसू आवरेना. दुर्गेशला म्हटलं, "देव पावला रे! बाशिंगवाल्याचं माप चुकलं, नाही तर त्या डब्यात तू शिजला असतास."

"चुकलं नाही," दुर्गेश म्हणाला. "दार सुतळीनं मोजून म्याच माप देलं होतं."

"काऊन?"

"बाबाले नाही म्हणता येत नाही मले. अन् तुह्याबिगर जायाचं नव्हतं."

मी त्याला कोपरानं एक ढोसलं. "मंग आधी सांगता येत नव्हतं का बे? इतके दिवस मी रडून राहिली!" आणि पुन्हा रडायलाच लागले. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला करा, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानंच आपल्या शेल्यानं माझे डोळे पुसले.