अजून मातीत न गेलेले बाबा

रोप सुकलं तेव्हा थोरलीला पहिली शंका आली ती आपल्याच हातगुणाची. पाणी कमी पडलं असेल, ऊन जास्त झालं असेल. त्याखाली पुरलेल्या पात्राची शंका तिच्या मनाला शिवलीही नाही. कशी शिवणार? त्यावर हिरवं पान छापलेलं होतं ना!

बाबांनी जन्मभर रस्त्यांवर डांबर ओतलं. शेवटच्या आजारात एकच घोकत राहिले, "पोरी, आयुष्यभर माती झाकत आलो गं. मेल्यावर तरी तिच्या पोटात जाऊ दे. एखाद्या झाडाच्या उपयोगी पडेन." तिने शब्द दिला होता. म्हणून तर राखेसाठी दुकानातलं सगळ्यात महागडं, मातीत विरघळणारं पात्र तिने उचललं. खोक्यावर ठळक छापलं होतं, 'मातीतून मातीत, निसर्गाच्या कुशीत.' ते वाचून भरल्या दुकानात तिचे डोळे पाणावले होते.

धाकटा तेव्हाच म्हणाला होता, "ताई, पान दिसलं की तुझी पर्स आपोआप उघडते बघ. राख सरळ मातीत मिसळू की."

"बाबांच्या बाबतीत तरी काटकसर नको रे."

राख भरून पात्र तिने घरामागच्या जमिनीच्या तुकड्यात पुरलं आणि वर रोप लावलं.

आणि आता दोन वर्षांनी घरामागच्या त्या तुकड्यात तोच फावडं मारत होता. वाळकं रोप अलगद वर आलं. आणखी दोन घाव, आणि ठक्क आवाज झाला.

"दगड असेल," ती म्हणाली.

दगड नव्हता. त्याने माती पुसली. पात्र जसंच्या तसं. झाकण घट्ट. हिरवं पान तर कालच दुकानातून आणल्यासारखं चकाकत होतं.

तिने पात्रावर हात ठेवला. "म्हणजे बाबा अजून..."

"आतच आहेत."

तिने तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज मधाळ. "पृथ्वीसाठी पाऊल उचलल्याबद्दल आभार, मॅडम."

"पात्र विरघळलंच नाही हो."

"घरच्या बागेत नाही विरघळणार, मॅडम. त्याला आमच्या खत बनवण्याच्या केंद्रातली उष्णता लागते. तळाशी बारीक अक्षरांत दिलंय."

"आणि वर मोठ्या अक्षरांत माती म्हटलंय ते?"

"ते आमचं ब्रीदवाक्य आहे."

"अहो, माझे बाबा एकदा आगीतून गेलेत! अजून किती भाजायचं त्यांना?"

मग पुन्हा मध. "नवीन पात्रावर सवलत देऊ शकतो, मॅडम."

"कोणाला घालू त्यात?" म्हणत तिने फोन आपटला.

"तोंडाला पानं पुसली ताई आपल्या," धाकटा म्हणाला. "तीही छापील." एरवी ती खळखळून हसली असती. आज त्यालाच हसू आलं नाही.

झाकण निघेना. शेवटी हातोडी घ्यावी लागली. बाबांवर हातोडी! पात्र तडकलं तशी तिने राख खड्ड्यात ओतली, दोन्ही हातांनी मातीत कालवली, वर पाणी शिंपडलं. घटकाभरात राख कोणती नि माती कोणती, ओळखू येईना. देवाने हे काम किती सोपं करून ठेवलं होतं! त्याला ना केंद्र लागलं, ना ब्रीदवाक्य.

"दोन वर्षं कोंडून ठेवलं मी त्यांना," ती पुटपुटली.

"तू कुठे, ताई?"

"मीच. वर पैसे मोजून."

दुसऱ्या दिवशी कचरा नेणाऱ्या मावशींनी तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि परत दिले. "हे ओल्यात चालत नाही, सुक्यातही नाही. राहू द्या तुमच्याकडेच."

ते तुकडे अजून मागच्या दाराशी पडून आहेत. पावसाने धुतले की पान जास्तच हिरवं दिसतं, म्हणून तिने ते पालथे घालून ठेवलेत.