दाखल्यावरचं कुंकू

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण त्या उन्हाळ्यात मी ते इतक्या अर्जांत टाइप केलं, की आता घ्यायला काही वाटत नाही. मुंजाजी. स्वतःचा ट्रक, स्वतःच चालक. मानवतच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या आणि निघायचं; गुजरात, कोईमतूर म्हणजे त्यांना मागची गल्ली. बांगलादेशच्या सीमेवर मात्र ते पहिल्यांदाच निघाले होते, आणि तेही कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, शहाणी माणसं दारातसुद्धा उभी राहत नव्हती तेव्हा.

"नका जाऊ," मी म्हणाले.

"मग घरी बसून भिंतीला तुंबड्या लावू का?"

माल दिनकरराव व्यापाऱ्यांचा होता. त्यांनी आमच्या ओट्यापासून चार हात लांब उभं राहून सगळं समजावलं. "वहिनी, यंदा समदं डिजिटल हाय. रोगाच्या भीतीनं कागद कुणी हातात घेत न्हाई. दाखला नाक्यावरच्या काचेला लावायचा, मशीन त्याच्यावरचा कोड वाचती, की फाटक उघडलं. मुंजाजी गेला तसा आला समजा."

दाखला म्हणजे रुईत कीड नाही असा सरकारी कागद. त्याच्या कोपऱ्यात काळ्या चौकड्यांचा कोड होता. मशीनला फक्त तेवढाच वाचता येत होता. बाकीची अक्षरं आपल्यासारख्यांसाठी.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी, तानुबाईंनी, गाडीची पूजा केली. सासरे गेल्यापासून शेजारणी यावर नाकं मुरडायच्या, पण लेकाच्या गाडीला त्या दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. चाकाखाली लिंबू, बोनेटवर स्वस्तिकाचा सातिया, आणि शेवटी कागद. आमच्याकडं बियाण्याची पिशवी असो की बँकेचं पासबुक, नव्या वस्तूला कुंकू लागल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. मी आत भाकरी बांधत होते. त्यांनी दाखला पाटावर ठेवला आणि कुंकवाला जागा शोधली. अक्षरावर बोट ठेवायचं नाही, अक्षर म्हणजे सरस्वती, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं. अक्षर नसलेली एकच जागा होती. ती काळी चौकड्यांची नक्षी. तिथं त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू बोटानं दाबून लावलं आणि हात जोडले.

सीमेवरून फोन आला तेव्हा मी सेवा केंद्राची, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायची, कामं घरूनच करत होते.

"राजेश्री, मशीन कोड वाचंना गेलंय. त्याच्यावर कुंकू हाय."

"पुसा की."

"पुसलं. वल्या रुमालानं. शाई बी गेली संगं."

तीनदा दाखला काचेला लावला, तीनदा मशीननं नाही म्हटलं, आणि नियमाप्रमाणे गाडीची नोंद आपोआप बंद झाली. काचेमागच्या माणसानं बोटानं खूण केली, बाजूला व्हा. बाजूला म्हणजे मोठं मैदान. तिथं शेकडो गाड्या उभ्या होत्या.

दुसरा दाखला छापून उपयोग नव्हता. बंद झालेली नोंद ज्या साहेबानं दाखला दिला त्यानंच उघडायची, त्याच्या स्वतःच्या डिजिटल सहीनं. आणि साहेब दवाखान्यात ऑक्सिजनवर. त्यांच्या जागेवरच्या माणसाला खुर्ची मिळाली होती, सही मिळाली नव्हती. मी रोज मुंजाजींच्या नावानं अर्ज करायचे. 'कारण निवडा' असं यायचं. तांत्रिक बिघाड, चुकीची माहिती, इतर. मी 'इतर' निवडायचे आणि लिहायचे, आईनं पूजा केली. उत्तर यायचं, आपला अर्ज प्राप्त झाला. जळो ते प्राप्त होणं.

"सिस्टीम हाय वहिनी, आपल्या हातात काय न्हाई," दिनकरराव म्हणाले. गाडी निघाली तेव्हा याच सिस्टीमचं कौतुक सांगताना ह्या माणसाचं तोंड दुखत नव्हतं.

एका संध्याकाळी मुंजाजींनी फोनवर थट्टा केली. "मायला सांग, तुह्या कुंकवानं गाडी लय जपली. जागची हलंना." फोन स्पीकरवर होता. तानुबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

सकाळी त्या लुगडं नेसून दारात उभ्या. "राजेश्री, चल. हापिसात जायचंय."

"आत्याबाई, बंद हाय समदं. पोलीस आडवतेत."

"आडवू दे."

एसटी बंद होती. दूध घालायला परभणीला निघालेल्या टेम्पोत बसून आम्ही गेलो. दाखला देणाऱ्या कार्यालयाच्या जाळीच्या दरवाजाला कुलूप, आत एक पहारेकरी. तानुबाईंनी जाळीतून हात आत घातला.

"बाबा, साहेबाला सांग, बोट माझं हाय. कागद मी खराब केला. माहा अंगठा घे, काय लिवायचं ते लिव, पर माह्या लेकराला सोड."

पहारेकरी घाबरून मागं सरला. त्याला तो हात म्हणजे रोगच दिसला असेल. "मावशी, हितं आता अंगठा चालत न्हाई. ऑनलाइन करा."

त्यांनी हात काढला नाही. मीच धरून काढला. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, "रांडमुंडीनं पूजा करू नये म्हणत व्हत्या बाया. खरं व्हतं." मला इतका संताप आला, की मी रस्त्यातच ओरडले, कुंकवाला काय कळतंय कुणाचं बोट हाय ते! पण त्यांना ते पटलं नाही, आणि ओरडून कुणाला काही पटतही नाही.

मग मुंजाजींना खोकला सुरू झाला. "धूळ लय हाय," ते म्हणाले. पुढच्या फोनला धाप ऐकू आली.

"दवाखान्यात जा."

"गाडी सोडली तं रांगेतला नंबर जातो. आतापस्तोर थांबलाव, आन् आता—"

"आग लागू द्या गाडीला! तुमी जा!"

"जातो. तू मायकडं बघ."

ते दवाखान्यात गेले, पण उशिरा. फोन गाडीतच चार्जिंगला राहिला, म्हणून शेवटचं बोलणंही झालं नाही. शेजारच्या गाडीच्या चालकानं कळवलं. रोगाचं मढं, त्यामुळे तिकडंच जाळलं. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या दोन बाया, ना गाडी, ना पास. आम्ही भिंतीकडं तोंड करून रडलो, कारण गळ्यात पडायलाही माणसं येत नव्हती. मला राग कुणाचा करावा तेच कळेना. साहेबाचा करावा तर तो स्वतः मरणाच्या दारात. मशीनचा करावा तर तिला काय.

साहेब वाचले. कामावर आले त्या दिवशी त्यांनी एक बटण दाबलं आणि नोंद उघडली. दिनकररावांनी तिकडचाच एक चालक गाडीवर बसवला.

काही दिवसांनी एका दुपारी माझा फोन वाजला. पडद्यावर मुंजाजींचा फोटो उजळला, पोखर्णीच्या जत्रेतला, फेटा बांधलेला. माझा हात पुढं होईना. तानुबाई बघत होत्या.

"उचल," त्या म्हणाल्या.

मी स्पीकर लावला. कोवळा आवाज होता. "भाभी, मैं नया ड्राइवर. इस फोन में आपका ही नंबर ऊपर था. गाडी पार हो गई. माल उतर गया."

तानुबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तोंडाजवळ धरला. आमच्याकडच्या बाया बोलतात तसल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बेटा, तू खाना खाया? अब उधर मत रुक. घर कू जा. तेरी माय राह देखती होएंगी."

त्यानं विचारलं, "माँजी, मैं चला गया तो गाडी आपके घर कौन लाएगा?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला.