हुबेहूब गोळी

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार करतात तो डॉक्टरांना पडदा नीट दिसावा म्हणून, पण बटणकाकूंना वाटलं, देवानं हा अंधार आपल्यासाठीच केलाय. निदान आपलं तोंड कोणाला दिसत नाहीये. पलंगावर सून आडवी झाली होती. डॉक्टरीणबाई तिच्या पोटावरून यंत्र फिरवत होत्या आणि तोंडातून अक्षर काढत नव्हत्या. डॉक्टर गप्प बसले की समोरच्याच्या मनात काय काय येऊन जातं, हे त्यांच्या कॉलेजात कोणी शिकवत नसावं.

"काहीतरी बोला ना," सून म्हणाली.

"मोजतेय. मोजू दे मला."

काकू कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बटणांचं नि दोऱ्यांचं दुकान चालवतात, म्हणून अख्खी गल्ली त्यांना बटणकाकू म्हणते. एरवी त्या खोलीत असल्या की दुसऱ्याला बोलायला जागा उरत नाही. आज मात्र दातखीळ बसली होती, कारण त्या खोलीत कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट त्यांना माहीत होती. गेला महिनाभर सून रोज जी गोळी घेत होती, ती डॉक्टरांनी दिलेली गोळी नव्हती.

झालं होतं असं. सुनेचं आधीचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. चांगलं हातपाय झाडत होतं आणि एका दुपारी गप्प झालं ते झालंच. नंतर ढीगभर तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, की सुनेच्या रक्तालाच गाठी धरायची खोड आहे. वारेत बारीक बारीक गाठी होतात आणि बाळाकडे जाणारं रक्त अडतं. म्हणून या खेपेला दिवस गेल्याचं कळल्याबरोबर डॉक्टरीणबाईंनी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू केली. रोज संध्याकाळच्या जेवणानंतर एक, आणि चुकवायची अजिबात नाही. नुसत्या गोळीवर भागलं नाही तर रोज पोटात एक इंजेक्शन, असंही तेव्हाच सांगून ठेवलं होतं. त्या इंजेक्शनच्या नावानं सुनेला कापरं भरायचं. ही बाई लोकांना गाडी शिकवते. भर चौकात शिकाऊ माणसाच्या हाती चाक देऊन शेजारी निवांत बसते, आणि सुई बघितली की पांढरीफटक पडते. काकू तिला कौतुकानं मास्तरीणबाई म्हणतात.

घरातलं औषधपाणी काकूंकडे. ते खातं त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलंही नसतं. दवाखान्यातून गोळ्यांची बाटली मिळायची, काकू रोज जेवण झालं की त्यातली एक काढून सुनेच्या तळहातावर ठेवायच्या, आणि सून गप्पा न थांबवता ती पाण्याबरोबर घशाखाली ढकलायची.

पण ॲस्पिरिन हे नाव काकूंना नवं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याला हृदयासाठी हीच गोळी होती. तो माणूस एका सकाळी दाढी करता करता बाथरूममध्ये रक्त ओकला आणि हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत संपला. पोटात जखम होती, गोळीनं रक्त पातळ झालेलं, ते थांबलं नाही, असं तिथल्या एका डॉक्टरनं सांगितलं. तो आणखीही बरंच काही सांगत होता, पण काकूंच्या कानात तेवढंच शिरलं. फरशी त्यांनी स्वतः धुतली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

तरीही त्या सुनेला गोळी देत राहिल्या, मन घट्ट करून. मग एका सकाळी सून दात घासून गेली आणि बेसिनमध्ये गुलाबी पाणी राहिलं. काकूंनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. तो म्हणाला, "आई, डॉक्टरांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ठेव आता, इथे माणूस अडकलाय." झालं, विषय संपला. सुनेशी बोलावं, तर ती हसण्यावारी नेईल. डॉक्टरांना विचारावं, तर नवऱ्याच्या वेळी डॉक्टरांना विचारूनच तर सगळं केलं होतं.

आता गोळीला जोडी शोधायचं काम काकूंइतकं चांगलं कोणाला जमणार? लोक कोटाचं एकुलतं एक बटण घेऊन येतात आणि काकू शेकडो खणांतून त्याची हुबेहूब जोडी काढून देतात, दुकानाच्या दारात उन्हात धरून, कारण ट्यूबलाइट खोटं बोलते. तशीच त्यांनी ती गोळीही दारात उन्हात धरली. औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिनच्या तीन तऱ्हेच्या गोळ्या आणल्या. तिसरी जुळली. खऱ्या गोळ्या दुकानातल्या खणात गेल्या, खोट्या बाटलीत आल्या. त्या रात्री काकूंना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

"छान," डॉक्टरीणबाई अचानक म्हणाल्या. "वजन छान, रक्ताचा प्रवाह छान. हे ऐक."

खोलीभर ठोके घुमले. धाडधाड, घाईघाईनं. सुनेनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडायला लागली. काकूंचा जीव भांड्यात पडला. त्याही रडल्या, अगदी मनापासून. ते नाटक नव्हतं.

दिवे लागले. टेबलापाशी बसून डॉक्टरीणबाई कागदावर लिहू लागल्या. "हे बघ, पुढचे दोन महिनेच खरे. मागच्या वेळी तेव्हाच बिनसलं होतं. पण गोळी तुला लागू पडलीये. एकट्या गोळीवर प्रवाह इतका चांगला असेल तर इंजेक्शन कशाला? तो विचार आता सोडून देऊ."

"खरंच?" सून जवळजवळ ओरडलीच.

काकूंचं डोकं मात्र भराभर चालायला लागलं. खऱ्या गोळ्या दुकानात आहेत. जाता जाता कुलूप उघडायचं, बाटली भरायची आणि आज जेवणानंतर खरी गोळी द्यायची. कोणाला पत्ता लागणार नाही. हे इतकं सोपं होतं की दोन क्षण त्यांना चक्क हुशारी वाटली. आणि मनाच्या एका कोपऱ्यात कोणीतरी असंही म्हणालं, की बघा, गोळीशिवाय बाळ चांगलं वाढलं, म्हणजे बरोबर कोण होतं? माणसाचं मन असल्या वेळी किती हलकट होतं, ते विचारू नका.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या एका ओळीवर काट मारली. काकूंना ती काट दिसली. इंजेक्शन गेलं. कशाच्या भरवशावर गेलं, हे त्या खोलीत फक्त त्यांनाच कळत होतं, आणि त्यांनी पर्स उचलून दाराकडे पाय वळवले.

खाली शिकवणीची गाडी उभी होती. या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकाऊ माणूस घाबरला की गुरूनं दाबायला. काकू तिथे बसल्या की सून दरवेळी बजावायची, आई, पाय मागे. आजही तिनं बजावलं आणि गाडी चालू करायच्या आधी नवऱ्याला फोन लावला.

"इंजेक्शन नाही! अरे, नाहीच! बाळ मस्त आहे. गोळीनंच काम केलं, त्या स्वतः म्हणाल्या." मग तिनं काकूंकडे बघितलं आणि तिचा आवाज बदलला. "आईंनी एक दिवस चुकू दिली नाही रे. माझ्यावर असतं तर मी निम्म्या वेळा विसरले असते."

फोन ठेवून तिनं काकूंचा हात दाबला आणि गाडी काढली. गाडी हळूहळू फाटकाकडे निघाली. काकू समोर बघत होत्या. बोलू, घरी गेल्यावर बोलू. नाही तर नकोच बोलायला. गोळी तर आजपासून देणारच आहोत. पण पुढचे दोन महिने? गोळी पुरली नाही तर? इंजेक्शन पुसून टाकलंय त्या बाईनं, माझ्या व्हिटॅमिनच्या जोरावर! फाटकाच्या पलीकडे रस्ता दिसायला लागला, आणि काकूंचा पाय आपणहून पुढे गेला.

गाडी गचकन थांबली.

"आई! काय करताय? पाय काढा! गाडीखाली काही आलं का?"

"वर चल. डॉक्टरांकडे."

"काय राहिलं वर?"

"गोळी मी बदलली." आवाज इतका बारीक निघाला की काकूंना पुन्हा म्हणावं लागलं. "तुझी गोळी मी बदलली होती गं. तू घेतेस ती व्हिटॅमिनची आहे."

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. एरवी मास्तरीणबाईंनी काच खाली करून त्याला चार शब्द सुनावले असते. आता तिचे दोन्ही हात चाकावर होते आणि ती काकूंकडे बघतही नव्हती.

"कधीपासून?"

"महिना झाला. तुझ्या हिरड्यांतून रक्त आलं त्या दिवसापासून."

"मी रोज तुमच्या हातातून घेतली," सून म्हणाली. "एकदाही खाली बघितलं नाही. गोळी कशी दिसते तेसुद्धा मला सांगता येणार नाही."

सुनेनं गाडी मागे घेतली, अगदी सरळ, शिकवतात तशी, आणि पुन्हा पहिल्या जागी लावली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर काकूंना हलकं वाटलं असतं. पण त्यांनी नुसता चष्मा काढला.

"हिरड्यांतून रक्त गरोदरपणात पुष्कळ जणींना येतं. मला एक फोन करायचा होतात."

"हिच्या सासऱ्यांना हीच गोळी होती," काकू म्हणाल्या. "पोटातून रक्त गेलं. मी बघितलंय. माझ्या डोळ्यांदेखत."

"किती मोठी गोळी होती? आणि सोबत दुसरं काही घेत होते का? दुखण्यावरची गोळी वगैरे?"

"गुडघ्यांसाठी घ्यायचे. रोज." काकू थांबल्या. "मीच द्यायचे. दुकानातून आणून."

डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या, "दोन्ही एकत्र पोटाला जड जातात. तेव्हा नक्की काय झालं ते मी आज नाही सांगू शकत. हिचा डोस खूप लहान आहे, आणि हिला ती का हवी ते तुम्हाला ठाऊक आहे."

काकूंना ते आत्ता कुठे नीट ठाऊक होत होतं. दुखण्याची गोळी आणि हृदयाची गोळी, एकामागून एक, एकाच पेल्यातल्या पाण्याबरोबर. नवरा म्हणायचा, तुझ्या हातची गोळी बरोबर लागू पडते.

"आज प्रवाह चांगला आहे, हे नशीब," डॉक्टरीणबाई आता सुनेशी बोलत होत्या. "पण गोळीनं तुझं भागतंय की नाही, हे मला माहीतच नाही. आणि ते बघत बसायला आपल्याकडे वेळ नाही. गोळी आजपासून, नवीन पाकीट घे. इंजेक्शन उद्या सकाळपासून, रोज. दर आठवड्याला इथे यायचं. हालचाल कमी वाटली तर तडक निघायचं, कोणाला विचारत बसायचं नाही."

"वाचेल ना?" सुनेनं विचारलं.

"आपण सगळं करणार आहोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी येताना काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या, कोणी न सांगता. संध्याकाळी मुलगा आला, त्याला सगळं कळलं, आणि बाळपणापासून कधी चढवला नव्हता एवढा आवाज त्यानं आईवर चढवला. तुला काय वाटलं, ती काय दुकानातलं गिऱ्हाईक आहे? उद्या तुला ताईकडे सोडून येतो, बाळ होईपर्यंत तिथेच राहा. काकूंनी मान खाली घालून हो म्हटलं. त्यांना ते योग्यच वाटलं. जेवण तिघांच्याही घशाखाली उतरलं नाही. काकूंनी ताटं उचलली, ओटा पुसला आणि कपडे भरायला आपल्या खोलीकडे निघाल्या.

"बसा," सून म्हणाली.

ती टेबलाशीच होती. समोर पाण्याचा पेला आणि नवीन पाकीट. तिनं चंदेरी कागद फोडून गोळी आपल्या तळहातावर घेतली आणि पहिल्यांदाच ती नीट निरखून बघितली.

"मला नाही बघवणार गं ते," काकू म्हणाल्या.

"माहितीये. म्हणूनच बसा." मुलगा मध्ये काही बोलायला गेला, तिनं त्याला हातानंच थांबवलं. "आई कुठेही जाणार नाहीत. आई, तुम्हाला भीती वाटली ती तुम्ही मला सांगितली नाहीत, माझ्यापासून लपवून माझ्यावरच वापरलीत. मलाही भीती वाटते. उद्या सकाळी सुई घ्यायचीये मला. तर आता रोज जेवण झालं की तुम्ही इथे माझ्यासमोर बसायचं. काय भीती वाटते ते तोंडानं बोलायचं. मी सगळं ऐकेन. आणि मग तुमच्यासमोर गोळी घेईन."

"आणि काही वाईट झालं तर?"

"तर तेव्हाही समोर असाल."

काकू खुर्चीत बसल्या. आयुष्यभर बडबड केलेल्या बाईला आता शब्द सापडेना. सून हात उघडा ठेवून थांबली होती.

"ते दाढी करत होते," काकू म्हणाल्या. "मी बाहेरून हाक मारली, चहा गार होतोय म्हणून..."

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं, फरशीपर्यंत, गुडघ्याच्या गोळ्यांपर्यंत. हे त्यांनी पोटच्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. तो भिंतीला टेकून ऐकत उभा राहिला. सुनेनं त्यांचे डोळे पुसले नाहीत की स्वतःचे. काकूंचं बोलणं संपल्यावर तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि पेला उचलला.

काकूंनी डोळे मिटले नाहीत.