कोरडे तांदूळ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. कुणी वाकडं बोललं की छाती धडधडते, हात कापतात, तोंडाला कोरड पडते. माझी थोरली जाऊ मथुरावैनी मात्र थंड. घराला आग लागली तरी ती आधी पदर खोचेल, मग उठेल. सासूशी माझं वाजलं की तीच तांब्या घेऊन यायची. म्हणायची, "गोदे, वायच पानी पी, मग भांड." सख्ख्या बहिणीनं केली नसती एवढी माया ती करते, असं मी समजत होते.

पावसजवळच्या आमच्या गावात सन तीसच्या शिमग्यानंतर देवीची नथ नाहीशी झाली. देवळाची झाडलोट आम्हा दोघी जावांकडे. गावकीनं ठरवलं, दोघींनी मंतरलेले तांदूळ चावायचे. चोराचं तोंड सुकतं, त्याचे तांदूळ कोरडेच राहतात, अशी आमच्याकडची समजूत. सासूनं सांगून टाकलं, "जिचे सुके पडतील तिला माज्या घरात थारा नाय." माझा नवरा मुंबईला गिरणीत. पण मला भीती कसली? नथ मी घेतलीच नव्हती.

देवळात दोघी शेजारी बसलो. भागोजी गुरव तांदूळ मंतरत होता. वैनी माझ्या कानाशी लागली. "गुरव सांगत व्हता, चोरी तुज्या आयशीपासनंच चालत आलीय."

माझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात गुरवानं दोघींच्या तोंडात तांदूळ घातले. मी करकरा चावत राहिले, पण जीभ टाळूला चिकटली. वैनीनं पानावर ओला लगदा थुंकला. माझ्या पानावर कोरडा भुगा पडला.

मी गुरवावर धावून गेले. "माज्या मेलेल्या आयशीला चोर बोललात?"

भागोजी बावचळला. "मी? तुज्या आयशीला मी कदी बघलेलं पन नाय."

तो खोटं बोलत नव्हता. मी वैनीकडे पाहिलं. माझं तोंड कशानं सुकतं हे अख्ख्या गावात तिलाच ठाऊक होतं.

"हिनंच घेतली नथ!" मी ओरडले.

"चोराच्या उलट्या बोंबा," सासू म्हणाली.

संध्याकाळी माझं गाठोडं अंगणात आलं. दुसऱ्या कुणी दगा दिला असता तर शिव्या घालून मोकळी झाले असते. हिला काय म्हणायचं तेच सुचेना. वैनी तांब्या घेऊन बाहेर आली. तिचा हात जराही कापत नव्हता.

"गोदे, वायच पानी पी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "लांब जायचाय."

मी प्यायले. तोंडाला कोरडच एवढी पडली होती.