गॅलरीतलं नर झाड

औषधाच्या दुकानातली मागची फळी रिकामी झाली, तेव्हा विदादला आधी खरंच वाटेना. तिच्या नवऱ्याच्या, मित्रीच्या दंडावर चिकटवायच्या, दुखणं मारणाऱ्या पट्ट्या दीड वर्षं त्याच फळीवरून यायच्या. दुकानदाराने हात पसरले. "मादाम, सगळं बैरुत पालथं घाला. मिळालीच तर माझ्या आईसाठीही एक आणा."

मित्रीचा आजार हाडांत उतरला होता. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, अख्खी चौकट खांद्यावर टाकून पाच मजले चढायचा. आता कुशीवर वळायचं म्हटलं तरी दातांत टॉवेल धरावा लागे. दोघांना मूलबाळ नव्हतं. जे काही करायचं ते विदादनेच.

दर गुरुवारी बिकाच्या खोऱ्यातून उम्म राकान यायची, चक्क्यासारखं घट्ट लबने आणि वाळवलेला पुदिना विकायला. वीज नसल्याने लिफ्ट बंद, म्हणून धापा टाकत जिना चढायची आणि वर पोचली की सरकारला चार शिव्या हासडून मगच पाणी प्यायची. एप्रिलातल्या एका गुरुवारी ती दारात उभी असताना आतून मित्रीचं कण्हणं ऐकू आलं. ती शिव्या विसरली. पुढच्या खेपेला तिने लबन्याच्या डब्याखालून रुमालाची एक गाठ काढली.

"नऊ बिया आहेत. आमच्याकडच्या."

"गांजा?" विदादने घाईघाईने दार लोटलं. "अहो, मी शाळेत बाई होते!"

"मग बरंच झालं की. समजावून सांगायला सोपं. पाच महिने धीर धरा, फुलं तेलात उकळा आणि चमच्याने द्या. आमच्याकडे म्हाताऱ्यांना देतात."

ऑलिव्ह तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून विदादने बिया लावल्या. गॅलरीचा पट्ट्यापट्ट्यांचा पडदा समोरच्या इमारतीतून काही दिसू नये म्हणून ओढून घेतला आणि पुढे टोमॅटोची दोन रोपं ठेवली. सहा बिया उगवल्या. दोन कोंब चिमण्यांनी खाल्ले, दोन तिनेच पाणी घालघालून कुजवले.

"बाई, झाडाला आंघोळ घालताय की बुडवून मारताय?" उम्म राकान कपाळावर हात मारून म्हणाली. "बोट घाला मातीत. दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. तीस वर्षं पोरांना काय शिकवलंत हो?"

उरली दोन. एक ठेंगणं, दाट. दुसरं उंच, सरळ, रोज वाढणारं. मित्रीचा जीव त्या उंच झाडावर जडला. सकाळी डोळे उघडले की त्याचा पहिला प्रश्न, "आज किती?" विदाद त्याचीच घडीची मोजपट्टी झाडाला लावायची आणि सेंटिमीटरचा आकडा ओरडून सांगायची. कधीकधी तो भिंतीला धरून गॅलरीच्या दारापर्यंत यायचा आणि चौकटीवर पेन्सिलीने खूण करायचा. पाच पावलं. त्या पाच पावलांसाठी तो आदल्या दिवसापासून बळ साठवायचा, हे तिला दिसत होतं.

"असली सरळ वाढ," तो म्हणायचा, "देवदाराला पण नसते गं."

जुलैच्या मध्यावर उंच झाडाच्या बेचक्यांत बारीक हिरवे मणी लोंबायला लागले. विदादने पाहिलं आणि लगेच ओळखलं. नर फूल आणि मादी फूल. किती वर्षं तिने फळ्यावर खडूने काढलं होतं. गुरुवारी उम्म राकानने नुसती मान वर केली.

"नर आहे. उपटा. आत्ताच. हे फुललं की त्या दुसऱ्या, मादी झाडात सगळ्या बियाच धरतील, औषध उतरणार नाही."

"उद्या उपटते."

"बाई, उद्या नाही."

आतून मित्रीचा आवाज आला, "विदाद, आज किती?"

तिने उपटलं नाही. झाड उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघराच्या खिडकीत नेऊन ठेवलं. मित्रीला सांगितलं, तिकडे ऊन चांगलं लागतं. मध्ये दोन खोल्या, दोन दारं. दारं लावून ठेवली की झालं, असा तिचा हिशेब.

ऑगस्टमध्ये डिझेल संपलं आणि इमारतीचा जनरेटर बंद पडला. पंखा नाही. मित्रीला श्वास पुरेना. ओठ निळे पडायला लागले तेव्हा विदादने घरातली सगळी दारं-खिडक्या सताड उघडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत वारा सुटला. मित्रीच्या कपाळावरचा घाम वाळला. तो तीन तास शांत झोपला आणि तीही त्याच्या पायाशी बसल्या बसल्या पेंगली.

जागी होऊन ती स्वयंपाकघरात गेली, तर ओट्यावर नर फुलांची पिवळी पूड पसरली होती. तिने बोट फिरवलं. मग ओल्या फडक्याने ओटा पुसला, खिडकी पुसली, दारं पुसली, गॅलरीची फरशी दोनदा पुसली. पुसून काय होणार होतं! त्याच दिवशी तिने नर झाड मुळासकट उपटून कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी मित्रीने विचारलं, "आज किती?"

ती रिकाम्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "एकशे ब्याऐंशी," तिने ओरडून सांगितलं. त्यानंतर रोज एखादा आकडा वाढवून सांगत राहिली.

सप्टेंबर संपता संपता उम्म राकानने ठेंगण्या झाडाचं एक बोंड तोडून तळहातावर चुरलं. बियाच बिया. "पाखरांना घाला," ती हळूच म्हणाली. या वेळी टोमणा नव्हता.

तरी विदादने बोंडं कपाटात वाळवली, बिया एकेक करून निवडल्या आणि उरलेला चोथा तेलात मंद उकळला. पहिला चमचा घेऊन मित्री अर्धा तास डोळे मिटून पडला.

"कमी झालं गं," तो म्हणाला. "खरंच. जमलं तुला."

विदाद बाथरूममध्ये जाऊन आनंदाने रडली. आठवडाभर ती दिवसातून तीनदा चमचा भरत राहिली आणि तो प्रत्येक वेळी हसून "बरं वाटतंय" म्हणत राहिला. मग एका दुपारी ती खालून पाण्याचे कॅन आणायला गेली आणि लवकर परतली. दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता. माणसाचा वाटू नये असा, कापडात दाबलेला. ती तशीच उंबऱ्यावर थांबली. किती वेळ, कोण जाणे. शेवटी तिने मुद्दाम कॅन आपटला. आवाज थांबला. ती आत गेली तेव्हा टॉवेल उशीखाली गेला होता आणि मित्री हसत होता.

"डोळा लागला होता," तो म्हणाला. "गुण आहे बरं का तुझ्या तेलाला."

तिने चमचा भरला. त्याने तोंड उघडलं.

तो ऑक्टोबरात गेला, एकोणीस दिवस तेल घेऊन. शेवटचे दोन दिवस त्याला हसणंही जमलं नाही.

चर्चमधला अंत्यविधी झाल्यावर पुढच्या गुरुवारी उम्म राकान रिकाम्या हाताने आली. विदादने कडू कॉफी ओतली आणि पडद्याकडे बघत सगळं सांगून टाकलं. न उपटलेलं झाड, उघडी दारं, पिवळी पूड. "माझ्यामुळे तळमळत गेला तो. वेळेवर उपटलं असतं तर..."

"तरी काही फरक पडला नसता," उम्म राकान म्हणाली. "माझा धाकटा दीर असाच गेला, हाडांच्या दुखण्याने. आमच्या शेतात माणूसभर उंच पीक उभं होतं, एकही नर नाही. त्याचंच तेल दिलं की. ओरडत गेला बिचारा."

विदादने कप खाली ठेवला. "मग मला बिया कशाला दिल्या?"

"त्या दिवशी दारात तुमचे हात बघितले, बाई. नुसते लोंबत होते. म्हटलं, त्यांना काहीतरी काम असू दे."

स्वतःवरचा ठपका उतरला की हलकं वाटेल, असं विदादला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. ठपका होता तोवर निदान एक वाट तरी होती, जिच्यावरून मित्री सुखाने गेला असता. आता कळलं, ती वाटही कधी नव्हतीच.

"उम्म राकान," ती म्हणाली, "पुढच्या गुरुवारी येऊ नका."

उम्म राकानने मान हलवली, चपला शोधल्या आणि कठड्याला धरून जिना उतरू लागली.