बोगद्याआधीची गुळणी

डोंगराच्या अलीकडच्या स्टेशनावर तिकीट तपासनीस तिकीट बघत नाही, गाल बघतो. प्रत्येकाने आपल्या बाटलीतलं मिठाचं पाणी तोंडात धरायचं. तो गाल बोटाने दाबतो आणि पुढे जातो. कारण पुढच्या बोगद्यात आपलं गेलेलं माणूस हाक मारतं. ओ दिली की संपलं. बाकाखाली चपला तेवढ्या उरतात. साधं पाणी भीतीपोटी गिळलं जातं, खारट गिळवत नाही, म्हणून मीठ.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा गेल्या वर्षी असाच गेला, बापाच्या हाकेला ओ देऊन. आता तिची लेक डोंगरापलीकडे अडली होती. पहिलंच बाळंतपण, मूल आडवं, सासरी बाईमाणूस कुणी नाही. जायला दुसरा रस्ता नव्हता. मी सोबत निघाले ती जावेवर लक्ष ठेवायला.

आमचं कधी धड पटलं नाही. गाल फुगवले की मी बेडकीसारखी दिसते, असं ती म्हणाली. मी म्हटलं, तेवढा वेळ तुझी टकळी तरी बंद राहील. समोरचा शिंपी तोंड फिरवून हसला.

तपासनीस आमचे गाल दाबून गेला. गाडी बोगद्यात शिरली तशी तिची चाल मंदावली, डब्यातला दिवा पिवळा पडला. मी जावेच्या गळ्याकडे बघत होते. तो हलला. पुन्हा हलला. तिचे गाल बसले.

"माझ्या बाटलीत साधंच पाणी होतं, जाऊबाई," ती हळूच म्हणाली. "त्याला एकदाच विचारायचंय, जेवलास का."

माझं तोंड भरलेलं. मी तिच्या मांडीवरच्या बाळंतविड्याच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं. तिने नजर वळवली.

"आई."

दाराशीच उभा असावा, इतक्या जवळून. तिचे ओठ उघडले आणि मी झडप घालून त्यांवर तळहात दाबला. तिने कडकडून चावा घेतला. मी कळवळले, माझी गुळणी सांडली. हात मात्र सोडला नाही. तो पुन्हापुन्हा हाका मारत राहिला, ती माझ्या हाताखाली थरथरत राहिली. मग सगळं शांत झालं. वाटलं, सुटलो.

"काकू, हात भाजलाय. आईला सांगू नकोस."

लहानपणी काही लागलं-खुपलं की तो चोरून माझ्याकडेच यायचा. 'आले रे' हे शब्द तेव्हा जितके सहज यायचे तितकेच आत्ताही आले, अगदी ओठांपर्यंत. तेवढ्यात जावेचा पंजा माझ्या तोंडावर बसला. दात ओठात रुतले.

आम्ही तशाच राहिलो, एकमेकींची तोंडं दाबून. शिंपी गाल फुगवून, डोळे मिटून रडत होता.

उजेड आला तरी तिने हात लगेच काढला नाही.

"केव्हापासून मनात होतं तुमचं तोंड दाबायचं," ती म्हणाली. मग माझा चावलेला हात मांडीवर घेऊन बाटलीतल्या उरलेल्या पाण्याने धुऊ लागली. त्याचा हात कधी भाजला होता, ते विचारलं. मी सांगितलं. ती बराच वेळ एकाच बोटावर पाणी ओतत बसली.

"आवाज भुकेला वाटला का हो त्याचा?"

"नाही," मी म्हटलं. "भुकेला नाही वाटला."

तिने गाठोडं उचललं आणि स्टेशन यायच्या आधीच दाराशी जाऊन उभी राहिली.